सिंगापूर पीआर आणि मुलाची नॅशनल सर्व्हिस : अनुभव असणाऱ्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सिंगापूरला असतो, पीआरचा (पर्मनंट रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहायची परवानगी) अर्ज भरायला घेतलाय आणि गाडं मुलाच्या नावावर अडलंय. मुलगा ११ वर्षांचा, सध्या डिपेंडंट पासवर (आईबापाच्या नोकरीच्या पासवर मुलांना मिळतो तो). नियम वाचून झालेत त्यामुळे ते परत नकोत, म्हणजे आईवडिलांबरोबर पीआर झालेल्या मुलाला एनएस (नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सैन्यातली किंवा पोलिसासारख्या दलातली सक्तीची सेवा) चुकत नाही (बापाला मात्र सूट, आहे की नाही गंमत), साडेसोळाला रजिस्ट्रेशन, मग १८ च्या आसपास २ वर्षं फुल टाइम आणि त्यानंतरही रिझर्व्हिस्ट (राखीव दलातला) म्हणून बोलावणी येत राहतात. सर्व्हिस न करता पीआर सोडला तर पुढे त्याला सिंगापूरला शिकायला किंवा नोकरीला येताना ते आडवं येतं हेही माहितीये.

हिचं म्हणणं, इथे राहायचं तर २ वर्षं द्यायला काय हरकत. माझं म्हणणं, पोराला अजून कळतही नाही आणि त्याच्या वतीनं सही मी कशी ठोकू? एजंटला विचारलं तर "नंतर बघू" म्हणतो, ऑफिसातल्या लोकांची मुलं अजून बालवाडीत.

भारतीय पासपोर्ट सोडायचा नाहीये आणि पुण्याला परतायची शक्यता आहे. जेईई मेन बारावीचं वर्ष धरून सलग ३ वर्षंच देता येते, तेव्हा २ वर्षं एनएसमध्ये गेली तर भारतातल्या इंजिनिअरिंगचं अवघडच.

तर कुणी मुलाला अर्जातून वगळून फक्त नवराबायकोचा पीआर घेतलाय का, मिळाला का, आणि पुढे मुलाच्या शाळेचं नि पासचं काय झालं?