ताडपत्रीच्या टाकीतल्या चिलापीला खाद्य कुठलं द्यावं, आणि आणावं कुठून?

इंदापूरची_शेतकरीण

नमस्कार. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्यापासून चार किलोमीटरवर. चिलापी घरात सगळ्यांच्या आवडीची, सासरे दर रविवारी भिगवणहून आणायचे. आता त्यांना गाडीवर बसवत नाही, म्हणून यंदा गोठ्यामागे ताडपत्रीची गोल टाकी केली. व्यास ४ मीटर, पाणी चार फूट, म्हणजे साधारण १५ हजार लिटर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गिफ्ट तिलापियाची, म्हणजे चिलापीच्या सुधारित जातीची, सगळे नर असलेली ४०० बोटुकली सोडली. १२ मेली, बाकी आहेत. हवेचा पंप दिवसरात्र चालू असतो, लाइट गेली की बंद.

अडचण खाद्याची आहे. तालुक्याच्या गावी एका दुकानात सुटं खाद्य मिळतं, ४२ रुपये किलो. पाण्यात टाकलं की तळाला जातं. आजवर ८० किलो घातलं, सध्या रोज दीड किलो देते. तरी मासा हातात धरला तर ६०-६५ ग्रॅमच वाटतो. ज्यांच्याबरोबर बी आणलं त्यांचा मासा दीडशेच्या पुढे गेलाय. पाण्याला वास येतो, कडेला तपकिरी फेस धरतो. पाच-सहा मासे पाठीत वाकलेले दिसतात, त्याचीही काळजी वाटते.

शेजारचे म्हणतात कोंबडीखाद्य घाल, स्वस्त पडेल. भाऊ म्हणतो शेंगदाणा पेंड आणि कोंडा. कुणी अझोला, ती पाण्यावर तरंगणारी हिरवी वनस्पती, सांगतं. तरंगणारं खाद्य ६५ रुपये किलोने मिळतंय, पण २० किलोची गोणी एकदम घ्यावी लागते. एवढ्या छोट्या टाकीला ते परवडेल का? ज्यांनी घरी मासे वाढवलेत त्यांनी सांगावं.

शेततळं_फलटण

ताई, सात वर्षं चिलापी करतोय, आधी शेततळ्यात, आता दोन टाक्यांतही. तुमचा हिशेब तुमच्याच आकड्यांनी मांडतो.

३८८ मासे, ६५ ग्रॅमने धरले तर टाकीत २५ किलो मासा आहे. खाद्य गेलं ८० किलो. म्हणजे एक किलो मासा तयार व्हायला तीन किलोच्या वर खाद्य लागलं. ४२ रुपयांनी ते १३४ रुपये झाले. चांगलं तरंगतं खाद्य नीट घातलं तर किलोमागे सव्वा ते दीड किलो लागतं. दीड धरा, ६५ रुपयांनी ९७-९८ रुपये. तुमचं स्वस्त खाद्य महाग पडलंय. अर्ध्याहून जास्त तळाला कुजलं, त्याचाच वास आणि फेस.

तरंगत्या खाद्याचा खरा फायदा हा की मासा काय खातोय ते डोळ्यांनी दिसतं. अर्धा इंची पाइपचं रिंगण करून पाण्यावर सोडा आणि त्याच्या आत खाद्य टाका, म्हणजे ते हवेच्या बुडबुड्यांनी कडेला जाणार नाही. पंधरा मिनिटांत संपेल तेवढंच. उरलं तर जाळीने काढा आणि पुढच्या वेळी मूठभर कमी करा.

आता किती द्यायचं. अंदाजावर जाऊ नका, वजन करा. बादलीत पाणी घेऊन ती काट्यावर ठेवायची, काटा शून्यावर आणायचा, मग जाळ्यात आलेले २० मासे आत सोडायचे. मोठे मोठे निवडू नका, येतील ते घ्या. सरासरी काढून ३८८ ने गुणा. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. दर पंधरा दिवसांनी हे केलंत तर कुणाला विचारायची गरज राहणार नाही. या वयाच्या माशाला एरवी वजनाच्या ३-४ टक्के लागतं, ३०० ग्रॅमच्या पुढे दीड-दोन टक्के पुरे होतं.

पण हा नोव्हेंबर आहे. चिलापी उष्ण पाण्याचा मासा. २६ ते ३० अंशांत खाऊन वाढतो, २० च्या खाली गेलं की तोंड फिरवतो. सकाळी थर्मामीटर घाला. २२ च्या आसपास असेल तर दोन टक्क्यांवर या आणि सकाळी लवकर देऊ नका, ११ नंतर आणि दुपारी ३ ला द्या. आत्ता दीड किलो म्हणजे सहा टक्के होतात ताई, ते एकदम थांबवा. आज-उद्या काहीच देऊ नका, तळाचा गाळ नळीने ओढून काढा आणि पाव भाग पाणी बदला. बोअरचं पाणी असेल तर आधी हौदात एक दिवस उघडं ठेवा.

एक नियम माझ्याकडून कायमचा घ्या: लाइट नसेल तर खाद्य नाही. खाल्ल्यावर माशाला प्राणवायू जास्त लागतो. तीन वर्षांपूर्वी आभाळ भरून आलेलं असताना संध्याकाळी मी पोटभर खाद्य घातलं. रात्री लाइट गेली. पहाटे पाचला गेलो तर सगळा मासा वर येऊन तोंड उघडझाप करत होता. १४० मासे हाताने वेचून काढले. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मत्स्य_रत्नागिरी

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, आता खाद्याच्याच कामात आहे. वाकलेल्या पाठीबद्दल लिहितो, कारण ती खूण महत्त्वाची आहे.

माशाला क जीवनसत्त्व कमी पडलं की पाठीचा कणा वाकतो. शेततळ्यात शेवाळ आणि सूक्ष्म जीव खाऊन थोडी भर निघते. तुमच्या टाकीत तो जे खातो ते फक्त तुमच्या हातून, म्हणून खाद्यात जे नाही ते त्याला मिळतच नाही. साठवणीत सगळ्यात आधी हेच जीवनसत्त्व उडतं, उष्णतेत आणि दमटपणात तर झपाट्याने. सुटं खाद्य गोणी फोडून किती महिने ठेवलेलं असतं याचा पत्ता नसतो. दुकानदाराला मूळ गोणी दाखवायला सांगा आणि तारीख बघा. बियाण्यातल्या दोषानेही काही मासे वाकडे निघतात, पण नव्याने वाकणारे दिसत असतील तर माझा संशय खाद्यावरच आहे. वाकलेले सरळ होणार नाहीत, पुढचे वाचतील.

गोणीवर चार गोष्टी बघायच्या. बनवल्याची तारीख तीन महिन्यांच्या आतली. प्रथिनं: मासा शंभर ग्रॅमचा होईपर्यंत ३० ते ३२ टक्के, पुढे २८ चालतं. दाण्याचा आकार: आता २ मिलिमीटर, शंभर ग्रॅमनंतर ३, अडीचशेनंतर ४. आणि गोणी शिवलेली, कुठेही ओल न लागलेली. कोळंबीचं खाद्य कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नका, ते बुडतं आणि महाग असतं. घरी आणल्यावर लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. बुरशीचा वास आला तर माशांनाही नको आणि कोंबड्यांनाही नको.

कोंबडीखाद्य नकोच. पाण्यात लगेच विरघळतं, शिवाय त्यात कोंबड्यांच्या रोगांवरची औषधं मिसळलेली असू शकतात आणि हा मासा तुमच्या सासऱ्यांच्या ताटात जाणार आहे.

अजून एक. तिलापिया परदेशी जात आहे, १९५२ मध्ये भारतात आली. तिच्या शेतीसाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. टाकी छोटी असली तरी तालुक्याच्या अधिकाऱ्यांना विचारून घ्या. आणि टाकी रिकामी करताना एकही मासा ओढ्यात जाऊ देऊ नका, आउटलेटला बारीक जाळी बांधा.

तासगावचे_आबा

पेंड-कोंड्याची बाजू मी मांडतो, कारण माझं मातीचं तळं त्याच्यावर चाललंय. शेंगदाणा पेंडीत प्रथिनं चाळीसच्या वर, भाताच्या कोंड्यात बाराच्या आसपास. जवळजवळ निम्मं-निम्मं, पेंड थोडी वरचढ घेतली की २८ टक्के बसतं. रात्री भिजवायचं, वाफवायचं, मुठीएवढे गोळे करून टोपलीत ठेवून पाण्यात सोडायचे. पण पेंड ताजी आणि कोरडी पाहिजे. शेंगदाणा पेंडीला बुरशी धरली की ती विष होते, माशाचं यकृत खराब करते. सरकी पेंड घेऊ नका. सोयाबीन कच्चं कधीच नाही, भाजून किंवा उकडून.

पण ताई, हे माझ्या तळ्याला जमतं, तुमच्या टाकीला नाही. माझं पाणी हिरवं आहे, मासा दिवसभर तेही खातो. तुमच्या टाकीत गोळे विरघळले की आणखी घाण होणार.

अझोल्याचं ऐकून हुरळून जाऊ नका. मी वाफा केला होता. एक किलो ओला अझोला वाळवला की ६० ग्रॅम उरतो, त्यात प्रथिनं १४ ग्रॅमच्या आसपास. एक किलो गोणीतल्या खाद्याची बरोबरी करायला २० किलो ओला अझोला लागेल. दुपारी चारा म्हणून दोन मुठी टाका, मासा आवडीने खातो. पोट मात्र त्यावर भरणार नाही.

गोणीचं म्हणाल तर आमच्याकडे चार टाकीवाले मिळून मागवतो. गाडीभाडं वाटलं जातं आणि खाद्य महिन्याभरात संपतं, शिळं होत नाही.

इंदापूरची_शेतकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस खाद्य बंद ठेवलं, गाळ काढला. काळा गाळ निघाला, बादल्याच्या बादल्या. वास जवळजवळ गेलाय.

आज वजन केलं. २० मासे १ किलो २४० ग्रॅम, म्हणजे ६२ ग्रॅम. टाकीत २४ किलो. सकाळी सातला पाणी २२ अंश. दोन टक्क्यांनी रोज ४८० ग्रॅम होतात. मी त्याच्या तिप्पट घालत होते, आणि मासे उपाशी आहेत असं समजून आणखी वाढवायच्या बेतात होते.

दुकानात जाऊन मूळ गोणी बघितली. मार्चमधली होती. पत्र्याच्या शेडमध्ये, अख्खा उन्हाळा आणि पावसाळा काढलेली. उरलेलं सात किलो परत दिलं.

ज्यांच्याबरोबर बी आणलं त्या दोघांशी बोलले. ३२ टक्केवाली, २ मिलिमीटरची एक गोणी तिघांत घेतोय, बारामतीहून एसटीच्या पार्सलने सोमवारी येईल. तारीख फोनवर वाचून घेतली, या महिन्यातली आहे. वाकलेले सहा मासे वेगळ्या टबात ठेवलेत, आणखी वाकतात का ते मोठ्या टाकीत बघते.

शेततळं_फलटण दादा, एक राहिलं: जानेवारीत पाणी १८ वर गेलं तर खाद्य पूर्ण बंद करायचं की एक दिवसाआड?

शेततळं_फलटण

१८ ला एक दिवसाआड, अर्धा टक्का, तेही दुपारी दोनला ऊन असेल तरच. १६ च्या खाली बंद. रात्री टाकीवर ताडपत्री टाका पण एका बाजूने हवा राहू द्या. होळीपर्यंत वाढ दिसणार नाही, घाबरू नका. एप्रिल-मेमध्ये हेच मासे भरभर अंग धरतील.