मदत हवी आहे: वेड्या राघूंच्या वागण्याचे व्हिडिओ लोकांकडून मागवायचे आहेत, पण घरट्यांची जागा फुटू न देता

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहते आणि रोज पहाटे टेकडीवर जाते. कुठली टेकडी ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच.

टेकडीच्या एका अंगाला जुन्या खाणीचा मुरमाड कडा आहे. मार्च उजाडला की वेडे राघू (ते किडे टिपणारे लहान हिरवे पक्षी) त्यात घरट्यासाठी बिळं कोरायला लागतात. गेल्या वर्षीपासून मी वही ठेवून त्यांच्याकडे बघते, जमेल तसे मोबाइलवर व्हिडिओ काढते. यंदा एका बिळाशी निराळंच दिसलं. नर-मादी किडे घेऊन आत-बाहेर करत होतेच, पण एक तिसरा पक्षीही चोचीत चतुर धरून येत होता आणि सरळ आत जात होता. जोडीतलं कुणीच त्याला हाकलेना. एकदा तर तिघं चोची भरून एकाच वाळक्या फांदीवर ओळीने बसले. पाच वेगवेगळ्या सकाळी मी हे पाहिलं आहे.

इतका आनंद झाला की वीस सेकंदांचा तुकडा टेकडीच्या नावासकट इन्स्टाग्रामवर टाकला. आणखी कुणी असं पाहिलं असेल तर सांगेल, एवढीच इच्छा होती. लोकांनी सांगितलंही! सासवडकडच्या एका शेतकरीदादांनी विहिरीच्या काठातल्या बिळांचा व्हिडिओ पाठवला, कुणी संध्याकाळी एका झाडावर अंगाला अंग लावून झोपायला जमलेल्या थव्याचा पाठवला. एकटीने आयुष्यभर हिंडूनही मला इतकं दिसलं नसतं.

पण तिसऱ्या दिवशी एका पेजने तो व्हिडिओ उचलला आणि रविवारी कड्यासमोर चौदा-पंधरा कॅमेरे उभे राहिले. राघू किडे घेऊन तारेवर बसून राहिले, खाली येईनात. एकाने तर बराच वेळ वाट बघून चोचीतला किडा स्वतःच गिळला. आत पिल्लं होती. मी सगळ्यांना हात जोडून मागे सरायला सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही.

वाईट याचं वाटतं की मला हे आधीच माहीत होतं. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी याच पक्ष्यावर केलेलं काम २००२ साली ‘अ‍ॅनिमल कॉग्निशन’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालं. माणूस जवळ असला की वेडा राघू बिळात जायचं टाळतो, आणि त्या माणसाला उभ्या जागेवरून बिळ दिसू शकत असेल तर आणखीच टाळतो. म्हणजे समोरच्याला काय दिसतंय याचा अंदाज तो घेतो. अशा पाखराला आपण वेडा म्हणतो, हे मला लहानपणापासून खटकत आलंय.

व्हिडिओ मी त्याच दिवशी काढून टाकला. पण लोकांकडून येणारी माहिती बंद करायला जीव होत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी यूट्यूबवरचे ३९ व्हिडिओ शोधून त्यांतून, मेलेल्या सोबत्याशी हत्ती कसे वागतात याचे २४ प्रसंग अभ्यासले होते (२०२२). मग आपल्या अंगणातल्या पक्ष्यासाठी असं का होऊ नये?

तर विचारायचंय ते असं. लोकांकडून व्हिडिओ मागवताना बरोबर काय काय विचारून घ्यावं, म्हणजे उद्या ते एखाद्या अभ्यासकाच्या उपयोगी पडतील? जागा लपवून नोंद करता येते का? आणि या तिसऱ्या पक्ष्याबद्दल कुणाला काही ठाऊक आहे का? तो थोरला भाऊ असेल, आधीच्या विणीतला?

---

प्रतिसाद:

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. वेड्या राघूंमध्ये असे मदतनीस, म्हणजे दुसऱ्या जोडीच्या पिल्लांना भरवणारे पक्षी, असतात. १९९३ साली ‘करंट सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत तशी नोंद आली आहे. मात्र तो भाऊच आहे, हे नुसतं बघून ठरवता येणार नाही. तुमच्या वहीत ‘तिसरा पक्षी’ एवढंच लिहा, नातं लिहू नका.

व्हिडिओंबद्दल. रील घेऊ नका. त्यात काटछाट असते, वेग बदललेला असतो, मूळ आवाजावर गाणं चढवलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर तो दाबला जातो, म्हणून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. सोबत तारीख, वेळ, तालुका, बघणारा किती लांब उभा होता, आणि किती वेळ बघितल्यावर हे दिसलं, एवढं हवंच. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. नवलाचं दिसलं तरच माणूस मोबाइल काढतो, त्यामुळे शंभर व्हिडिओ जमले तरी ‘असं किती वेळा घडतं’ याचं उत्तर त्यांतून निघत नाही. असं घडतं, इतकंच सिद्ध होतं. प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांनी १९७४ मध्येच हा फरक मांडला होता: दिसेल ते टिपणं वेगळं आणि एकाच प्राण्यावर ठरावीक वेळ नजर ठेवणं वेगळं. तेव्हा एक बिळ, रोज अर्धा तास, तिसरा आला नाही तरी ‘आला नाही’ अशी नोंद करा.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जागा अंधुक ठेवायची सोय आहे. नकाशावर नेमका ठिपका न दिसता साधारण वीस-बावीस किलोमीटरचा चौकोन दिसतो. धोक्यातल्या प्रजातींना ती आपोआप लागते, राघू सर्रास दिसणारा असल्याने तुम्हाला ती स्वतः निवडावी लागेल. बिळाचे व्हिडिओ मात्र पिल्लं उडून गेल्यावरच टाका.

---

धागाकर्ती:

मनापासून आभार. ‘आला नाही’ हे लिहायचं माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. वही काढून पाहिली, तर रिकाम्या सकाळींची एकही ओळ नाही. आजपासून लिहीन. सासवडच्या दादांनाही विचारलंय, ते रोज विहिरीवर असतातच.

एक अडचण उरली. तिसरा म्हणजे रोज तोच, हे कशावरून? ओळखीसाठी पायात कडी घालायची तर वनखात्याची परवानगी लागते आणि तो माझा अधिकारही नाही. जुने व्हिडिओ सावकाश लावून पाहिले, तेव्हा पाचपैकी चार सकाळी त्याच्या शेपटीतल्या मधल्या दोन लांब पिसांपैकी एक अर्ध्यातच तुटलेलं दिसलं. पाचव्या दिवशी तो उजेडाकडे पाठ करून बसलाय, काहीच कळत नाही. एवढी खूण पुरेल का? वळीव दोनदा येऊन गेलाय, पिल्लं आठवडाभरात उडतील असं वाटतं. उद्या झुडपामागे बसते, जिथून फांदी दिसते पण बिळ दिसत नाही.