पिनियल ग्रंथीत ८ मिमीची सिस्ट: रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रश्न: स्त्री, वय २६. डोकेदुखीसाठी एमआरआय. रिपोर्ट: पिनियल सिस्ट (मेंदूच्या मध्यभागी असलेल्या छोट्या पिनियल ग्रंथीतली पाण्याने भरलेली पिशवी) ८ मिमी, पातळ भिंत, हायड्रोसेफलस (मेंदूत पाणी साचणं) नाही. ऑपरेशन लागेल का?

उत्तर १: बहुधा नाही. १०० एमआरआयमागे १ ते ४ जणांत अशी सिस्ट सापडते, तरुण स्त्रियांत जास्त. आकारापेक्षा भिंत पाहा: २ मिमीपेक्षा पातळ, गुळगुळीत, आत गाठ नाही, तर चांगलं लक्षण. फ्लेअरमध्ये (एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात) आतलं पाणी मेंदूतल्या पाण्याहून किंचित उजळ दिसलं तरी घाबरू नका. त्यात प्रथिनं जास्त असतात.

उत्तर २: एक भर. कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उजळ दिसणारं, शिरेतून दिलं जाणारं औषध) दिल्यावर तासाभराने स्कॅन काढला तर ते सिस्टमध्ये झिरपतं आणि ती भरीव गाठीसारखी दिसते. उगाच धास्ती बसते. शंका असेल तर मधल्या उभ्या छेदाचे १ मिमीचे बारीक काप मागा. सिस्टलगतची, मेंदूतलं पाणी वाहून नेणारी नळी मोकळी आहे का, ते त्यात नीट कळतं.

उत्तर ३: खरा धोका ती नळी दाबली गेली तर. सकाळी उठताच उलट्यांसह डोकेदुखी, नजर वर नेता न येणं, दोन-दोन दिसणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी न्यूरोसर्जन गाठा. नुसत्या डोकेदुखीचं खापर मात्र ८ मिमीच्या सिस्टवर फोडू नका; आधी मायग्रेन तपासून घ्या.