पंपरूमचे स्विच ऑफ: काटकसर की जिवाशी खेळ?

बाविसावा_मजला: परवा आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये डोकावलो. आग विझवायच्या लाइनचे जॉकी (दाब टिकवणारा छोटा पंप), मेन, डिझेल, तिन्ही पंप 'ऑफ'वर आणि दाबाच्या गेजचा काटा शून्यावर. वॉचमन म्हणाला, "कमिटीनंच सांगितलंय, जॉकी सारखा चालू-बंद होतो." माझ्या मजल्यापर्यंत नुसतं पाणी चढवायलाच सातेक बार दाब लागतो, वर हायड्रंटला (होज जोडायच्या नळाला) साडेतीन वेगळे. पंप ऑटोवर नसतील तर ती लाल पाइपलाइन कशाला, कपडे वाळत घालायला?

खजिनदार_बी_विंग: बोलणं सोपं आहे साहेब. पार्किंगखालचा पाइप गळतोय. दाब उतरला की जॉकी सुरू, भरला की बंद, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मोटार दोनदा जळाली. खणायचं म्हटलं तर पावणेचार लाख, आणि मेंटेनन्स वाढवायचा विषय काढला की एजीएमला पहिले तुम्हीच उठता. वॉचमन चोवीस तास असतो, मारेल स्विच. शिवाय बंबवाले गेटजवळच्या इनलेटला होज लावून पाणी सोडतातच.

बाविसावा_मजला: रात्री दोनला तो एकटा. गेट उघडेल, इंटरकॉम घेईल की बेसमेंटात पळेल?

तिसरा_मजला: दाब वाढवा म्हणणाऱ्यांनी आमच्याकडे येऊन बघा. मॉक ड्रिलला होज हातातून सुटला, दोघांना आवरेना. मला तर ऑफच बरं वाटतं.

पंपरूमवाला: (याच धंद्यात आहे.) काका, त्यासाठी खालच्या मजल्यांना दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवतात. तेही तपासून घ्यावे लागतात बरं. फिलाडेल्फियाच्या 38 मजली मेरिडियन प्लाझात 1991 साली 22व्या मजल्यावर आग लागली. हे व्हॉल्व्ह चुकीचे सेट केलेले, नोझलला दाबच मिळेना. तीन जवान गेले. आग थांबली ती 30व्या मजल्यावर, दहा स्प्रिंकलरनी.

आणि खजिनदार, खणण्याआधी एक करा. लाइन भरून घ्या, पंपापुढचा व्हॉल्व्ह बंद करा, लाइनच्या बाजूचा गेज अर्धा तास बघा. काटा उतरला तर पाइप गळतोय. जागेवर राहिला तर एनआरव्ही (पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) धरत नाहीये, पाणी मागे टाकीतच जातंय. तो बदलायला पार्किंग फोडावं लागत नाही.

बाविसावा_मजला: पण मग जानेवारी-जुलैचा बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) कोण सही करतं?

खजिनदार_बी_विंग: एजन्सी. पंपरूममध्ये आलेली मी तरी पाहिली नाही, हे कबूल. रविवारी दहाला या सगळे. व्हॉल्व्हचं चाक गंजलंय, येताना तेल आणा.