जुनी मिडसाइज एसयूव्ही: तीन गाड्या समोर आहेत, कुठली सोडू?

कोथरूडकर_५

नमस्कार मंडळी. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, मुलं ४ आणि ९ वर्षांची, आणि आई. आईचे गुडघे दुखतात, उंच पायरी चढवत नाही. बजेट १० लाख, त्यात ट्रान्स्फर, इन्शुरन्स, टायर सगळं आलं. रोज कोथरूड ते बाणेर जाऊन-येऊन २० किमी, वर्षातून तीन-चारदा गुहागर. महिन्याला ७०० किमीच्या वर गाडी पळणार नाही.

समोर असलेल्या गाड्या:

१) क्रेटा १.६ डिझेल एसएक्स, २०१९, ७८,००० किमी, दुसरा मालक, एमएच-१२, ८.६० लाख
२) सेल्टोस १.५ पेट्रोल मॅन्युअल एचटीके प्लस, २०२०, ४१,००० किमी, पहिला मालक, एमएच-१४, ९.४० लाख
३) एक्सयूव्ही५०० डब्ल्यू७, २०१८, ६६,००० किमी, दिल्ली पासिंग, ६.२५ लाख. डीलर म्हणतो एनओसी तयार आहे, पासिंगचं आपण बघू.

खरं सांगायचं तर किंमत बघून तिसरीकडे मन ओढतंय. वर एक मित्र म्हणतो, थोडे पैसे घालून २०२१ ची बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) डिझेल क्रेटाच घे. गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं आणि कागद कुठले मागायचे, जाणकारांनी सांगावं.

घाटमाथा

महिन्याला ७०० म्हणजे वर्षाला ८,४०० किमी. शहरात पेट्रोलला १२ आणि डिझेलला १५ चं ॲव्हरेज धरा, पुण्यातले दर १०४ आणि ९१ च्या आसपास धरा. पेट्रोलला साधारण ७३ हजार, डिझेलला ५१ हजार. फरक २२ हजारांचा. सीआरडीआय (डिझेल) इंजिनाचा एक इंजेक्टर बदलायला निघाला की वर्षाची बचत साफ. डिझेलचा हिशेब महिन्याला दीड हजार किमीच्या पुढे जमतो, त्याच्या आत नाही.

मित्राचा सल्ला तुमच्या वापराला उलटा आहे. बीएस-६ डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी. ती काजळी जाळायला इंजिन तापलेलं हवं आणि गाडी ५०-६० च्या वेगाने सलग १५-२० मिनिटं चालायला हवी. चांदणी चौक ते बाणेर सकाळच्या गर्दीत हे होत नाही. गाडी जाळायला सुरुवात करते, तुम्ही ऑफिसात पोचून चावी बंद करता, काम अर्धवट राहतं. जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून जुनी बीएस-६ डिझेल बघताना डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढा. ऑइल कमी असणं वाईट खरं, पण लेव्हल मॅक्सच्या वर चढलेली असेल आणि वास डिझेलचा येत असेल तर ती गाडी आयुष्यभर शहरात छोट्या फेऱ्या मारत होती असं समजा. डीपीएफ कापून काढलेली गाडी तर बघूच नका. ते बेकायदेशीर आहे.

तुमची २०१९ ची क्रेटा बीएस-४ आहे, त्यामुळे ही कटकट तिच्यात नाही. पण मग डिझेल घेण्याचं कारणही फारसं उरत नाही.

फॉर्म_एकोणतीस

तिसऱ्या गाडीचं आधी मिटवू, कारण तिथे पैसे अडकतात.

दिल्लीच्या गाड्या उगाच स्वस्त नसतात. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) आणि मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तिथे बंदी आणली, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या डिझेलचा भाव तिथे पडतो आणि माल इकडे येतो. गाडी वाईटच असते असं नाही. पण ६.२५ ही किंमत अर्धी आहे. उरलेली अर्धी अशी:

दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, ही पुणे आरटीओच्या नावाने निघालेली हवी. "तयार आहे" म्हणजे कुठल्या आरटीओच्या नावाने आणि कुठल्या तारखेची ते कागद हातात घेऊन वाचा. मग इथे नव्या नंबरसाठी फॉर्म २७, गाडीची प्रत्यक्ष तपासणी आणि महाराष्ट्राचा एकरकमी रोड टॅक्स. १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला नवीन असताना १४ टक्के लागतो, जुन्या गाडीला वयानुसार घट मिळते. डब्ल्यू७ च्या मूळ किमतीवर हा आकडा घट धरूनही लाखाच्या घरात जाऊ शकतो. डीलरच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, मूळ बिलाची प्रत घेऊन आरटीओतून काढून घ्या. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायचा तर तो ज्याने भरला त्याला, तुम्हाला नाही.

"दिल्लीच्या नंबरवरच फिरवा, कोण विचारतंय" हेही ऐकायला मिळेल. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेली गाडी तिथे नोंदवावीच लागते. आणि आरसी एकाच्या नावावर, पॉलिसी दुसऱ्याच्या, गाडी तिसऱ्याकडे अशा अवस्थेत अपघात झाला तर ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) क्लेम विसरायचा.

तुमच्या पहिल्या दोन गाड्यांसाठी कागद:

आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती. कर्ज अजून चालू असेल तर उरलेली रक्कम मालकाच्या हातात न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरा. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं. पॉलिसी १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करा. नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचाच राहतो, त्यामुळे "५० टक्के एनसीबीवाली पॉलिसी" म्हणून कोणी भाव वाढवला तर हसून सोडून द्या. एमएच-१४ ची गाडी पुण्यात नावावर केली तरी नंबर तोच राहतो.

ई-चलन परिवहनच्या साइटवर नंबर टाकून दोघांसमोर बघा. थकलेली चलनं ट्रान्स्फरच्या वेळी आडवी येतात. जुना फास्टॅग मालकाला बंद करायला लावा. चाव्या दोन हव्यात. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख देऊ नका, आयकर कायद्यात ते रोख रक्कम स्वीकारणाऱ्यालाच महागात पडतं. आरटीजीएस करा, डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या, म्हणजे आदल्या संध्याकाळचं सिग्नल तोडल्याचं चलन कोणाचं यावर वाद नको.

पाना_१०_१२

कागद झाले, आता लोखंड.

जायच्या आधी फोनवर सांगा की इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर पहिलं काम, बोनेटवर हात. गरम लागलं तर आधी चालू करून ठेवलंय, मग दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना धूर बघा: निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर कूलंट आत जातंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. ऑइल फिलरचं झाकण उघडून आतल्या बाजूला साबणाच्या फेसासारखा थर आहे का बघा. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही, हे सांगायला नको.

ठोकलेली गाडी ओळखायला पेंट गेज वापरा. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन. २०० च्या वर गेलं की परत रंग मारलाय, ५०० च्या पुढे खाली पुट्टी आहे. बंपर प्लास्टिकचा, तिथे गेज काही सांगणार नाही. पण रंगापेक्षा बोल्ट खरं बोलतात. फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा), बोनेटची बिजागरं, दरवाज्यांची बिजागरं, यांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय. फेंडर बदलणं ही मोठी गोष्ट नाही, पुण्यात रिक्षा घासून जातातच. मोठी गोष्ट म्हणजे एप्रन (फेंडरच्या आतला पत्रा), चेसिसचे (सांगाड्याचे) पुढचे पाय आणि पिलर (छत पेलणारे खांब). दरवाज्याचं रबर हाताने ओढून बाजूला करा, खालच्या पत्र्यावर ठरावीक अंतरावर गोल स्पॉट वेल्ड दिसतात. ते गायब असतील किंवा वेडेवाकडे असतील तर गाडी घ्यायची नाही. भाव कितीही उतरला तरी.

पुराची गाडी: सांगली-कोल्हापूर २०१९, चिपळूण २०२१, पुण्यातली एकतानगरी २०२४, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या लिलावात जातात आणि धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट शॅम्पू होतात, पण सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर शेवटच्या फूटभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते. सीटच्या खालचे रुळ, स्टेपनीचा खड्डा, डॅशखालच्या वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवट-पांढरा गंज, हे बघा. आत एअर फ्रेशनरचा घमघमाट असेल तर कार्पेटचा कोपरा उचलाच.

मीटर फिरवलंय का? ७८,००० किमीला ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत होत नाही, ड्रायव्हर सीटची दरवाज्याकडची कड फाटत नाही. ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरमध्ये नंबर देऊन हिस्ट्री मागा, मालक सोबत असला की सहसा देतात. प्रत्येक सर्व्हिसला किमी चढत गेलेत का आणि बॉडीशॉपची बिलं आहेत का, दोन्ही तिथेच कळतं. टायरवर चार आकडे असतात, १९२० म्हणजे २०२० चा १९ वा आठवडा. गाडी ४१,००० दाखवते आणि चारही टायर नुकतेच बदललेत, तर का ते विचारा.

एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर पाच-सहा सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर दिव्याची वायर काढलीय, आत बॅग नसेल.

चालवून बघायला सोसायटीच्या आवारात चक्कर नको, कात्रजचा जुना घाट गाठा. तिसऱ्या गिअरला ३० च्या वेगाने पाय पूर्ण दाबा. आरपीएम चढला आणि वेग नाही चढला तर क्लच संपलाय. स्पीडब्रेकर तिरका घ्या, खालून टकटक आली तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश, हे स्वस्तातलं काम आहे. स्टिअरिंग जागेवर डावी-उजवीकडे हलवताना कॉलममधून टकटक आली तर तेही लक्षात ठेवा. एसी लावून चढ चढा आणि तापमानाचा काटा बघा.

कोथरूडकर_५

फारच उपयोगी, धन्यवाद. दिल्लीची यादीतून बाद. सेल्टोसला गेज लावून घेतलं: सगळीकडे ११० ते १३०, फक्त उजव्या पुढच्या फेंडरला ३१०. मालक म्हणतो गेटला घासली होती. टायर चारही २०२० चे, मूळचेच आहेत. घ्यावी का? आणि सेफ्टीच्या बाबतीत सेल्टोसला तीनच स्टार आहेत म्हणे?

पाना_१०_१२

एकाच पॅनलला ३१० म्हणजे परत मारलेला रंग, फार तर थोडी पुट्टी. फेंडरचे बोल्ट न हललेले असतील, त्यामागचा एप्रन सरळ असेल आणि त्या बाजूच्या हेडलॅम्पची तारीख डाव्या हेडलॅम्पशी जुळत असेल, तर मालक खरं बोलतोय. हेडलॅम्प नवा आणि बोल्ट उघडलेले असतील तर ठोकर पुढून बसलेली आहे, लिफ्टवर चढवून चेसिसचा पाय बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

टायर मूळचे हे मीटर खरं असल्याचं लक्षण आहे, पण रबर पाच वर्षं ओलांडून कडक झालंय. चार नवे टायर म्हणजे ३५-४० हजार. हे भावातून मागा. मिळतात, कारण पुढचं गिऱ्हाईकही तेच मागणार आहे. शिवाय ब्रेक ऑइल, कूलंट, इंजिन ऑइल-फिल्टर आणि बॅटरी धरून १५-२० हजार बाजूला ठेवा. बॅटरी मल्टीमीटरने बघा: बंद गाडीत १२.४ च्या वर, चालू गाडीत १३.८ ते १४.५ व्होल्ट.

घाटमाथा

स्टारबद्दल: ग्लोबल एनकॅपने (गाड्यांची धडक चाचणी घेणारी संस्था) सेल्टोसला २०२० मध्ये मोठ्यांसाठी तीन आणि मुलांसाठी दोन स्टार दिले. दुसऱ्या पिढीच्या क्रेटाला २०२२ मध्ये दोन्हीकडे तीन. तुमची २०१९ ची पहिल्या पिढीची, तिला हे स्टार लागू नाहीत. म्हणजे या जोडीत त्यावरून निवड होत नाही. स्टारच महत्त्वाचे असतील तर २०२१ नंतरची कुशाक किंवा टायगुन बघा, २०२२ च्या चाचणीत पाच स्टार आहेत. तुमच्या बजेटमध्ये १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) मॅन्युअल शोधा, जुना ड्युअल क्लच (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स वॉरंटीशिवाय नको. मागे तिघं बसणार असतील तर मात्र ती अरुंद पडते.

चार वर्षांच्या मुलाला चाइल्ड सीट लागणारच. व्हेरियंटनुसार आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायची सोय) बदलतं, ब्रोशरवर विसंबू नका. मागच्या सीटची पाठ आणि बसायची गादी यांच्या फटीत बोट घाला, लोखंडी कडी लागली पाहिजे. मधल्या सीटचा बेल्ट फक्त कमरेचा आहे की खांद्यावरून येणारा, तेही बघा, कारण नऊ वर्षांचं तिथे बसणार.

आणि टोकन देण्याआधी आईंना एकदा सोबत न्या. पार्किंगच्या सपाट जागेवर नको, रस्त्याच्या कडेला फुटपाथ नसलेल्या बाजूने मागच्या दारातून चढता-उतरता येतं का बघा. गुहागरला पोचल्यावर दार तसंच उघडणार आहे. साइड स्टेप लावायचा विचार असेल तर तीही आधी नीट बघा, अरुंद असेल तर उतरताना पोटरीला लागते.

फॉर्म_एकोणतीस

सेल्टोस १ एप्रिल २०१९ नंतरची आहे, त्यामुळे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट मुळातच असेल. क्रेटाची नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची निघाली तर ती प्लेट बसवलीय का बघा. आरसीवर नोंदणीच्या तारखेशेजारी उत्पादनाचा महिनाही असतो. "२०१९ ची क्रेटा" ही २०१८ च्या शेवटी बनलेली असू शकते, आणि तसं असेल तर भाव २०१८ चाच लावायचा.