कांद्याच्या आवकेची एक्सेल शीट: पिव्हटमध्ये नव्या ओळी येत नाहीत, बेरीज मात्र दुप्पट

पिंपळगावकर:
आडतीवरची कांद्याची आवक एक्सेलमध्ये लिहितो. कॉलम असे: तारीख, शेतकरी, गाव, वजन (किलोत), भाव (क्विंटलचा), रक्कम. एका दिवसाच्या तारखेचे सेल मर्ज केलेत, दिवस संपला की पिवळी 'एकूण' ओळ आणि खाली एक कोरी ओळ. गावनिहाय पिव्हट (नोंदींची गटवार बेरीज करून देणारा तक्ता) काढलाय, पण त्यात नव्या ओळी येत नाहीत आणि एकूण रक्कम दुप्पट दिसते. कंट्रोल-टी मारून टेबल केलं तर भागेल का?

आकडेमोड:
भागेल, पण आधी साफसफाई. दुप्पट बेरीज त्या पिवळ्या ओळींमुळेच येते; पिव्हट त्यांनाही एक नोंद समजतो. आहे तशा शीटवर कंट्रोल-टी दाबलंत तर एक्सेल पहिल्या कोऱ्या ओळीपाशीच थांबेल.

फाईलची एक कॉपी ठेवा आणि हाच क्रम पाळा. आधी तारखेचे सेल अनमर्ज करा. मग पूर्ण डेटा हाताने सिलेक्ट करून फिल्टर लावा आणि 'एकूण' व कोऱ्या ओळी डिलीट करा. फिल्टर काढा. आता तारखेचा कॉलम शेवटच्या नोंदीपर्यंत सिलेक्ट करून एफ-५, स्पेशल, ब्लँक्स. फक्त रिकामे सेल निवडले जातील. तिथेच बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण दाबा आणि कंट्रोल-एंटर. प्रत्येक रिकाम्या जागी वरची तारीख येते. लगेच तो कॉलम कॉपी करून पेस्ट व्हॅल्यूज करा (म्हणजे सूत्र जाऊन नुसती तारीख राहते), नाहीतर सॉर्ट केल्यावर तारखा इकडच्या तिकडे होतील.

ओळी डिलीट करण्याआधी तारखा भरल्या तर कोऱ्या ओळींतही तारीख बसते, म्हणून क्रम सांगितला. यानंतर कंट्रोल-टी, 'हेडर्स आहेत' वर टिक, आणि टेबल डिझाइनमध्ये नाव द्या: आवक. पिव्हटच्या चेंज डेटा सोर्समध्ये हेच नाव टाका. रिफ्रेश तरीही करावाच लागतो: डेटा, रिफ्रेश ऑल.

द्वारका_सर्कल:
रकमेचं सूत्र एकाच सेलमध्ये लिहा, खाली ओढू नका:
=[@वजन]*[@भाव]/100
शंभरने भागायचं, कारण वजन किलोत आणि भाव क्विंटलचा. २,३५० किलो, भाव १,८४० तर ४३,२४० रुपये. कॉलम रिकामा असेल तर एंटर मारताच सूत्र शेवटपर्यंत भरतं. हेडिंगमध्ये जागा किंवा कंस असेल तर सूत्रात चौकोनी कंस दुहेरी लागतात, त्यामुळे 'किलोत' वगैरे हेडिंगमधून काढलेलंच बरं. कुणी मध्येच हाताने रक्कम टाकली तर त्या सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो. तो बघत जा.

पिंपळगावकर:
झालं सगळं. खाली टोटल रो (टेबलाची बेरजेची ओळ) पण लावली. पण आज पेस्ट केलेल्या ओळी टेबलाबाहेरच राहिल्या!

आकडेमोड:
टोटल रो चालू असताना तिच्या खाली टाकलेलं टेबलात जात नाही. कंट्रोल-शिफ्ट-टी ने ती बंद करा, नोंदी शेवटच्या ओळीला लागून पेस्ट करा, परत तेच दाबून चालू करा. एखाददुसरी नोंद असेल तर शेवटच्या नोंदीच्या शेवटच्या सेलमध्ये टॅब दाबा, टोटलच्या वर नवी ओळ येते. ही टोटल फक्त दिसणाऱ्या ओळींची असते. गावाचा फिल्टर लावला की त्या गावाचीच.

टोटल रो नसतानाही टेबल वाढलं नाही तर दोनच ठिकाणी बघा. शीट प्रोटेक्ट असेल तर सेल अनलॉक करूनही वाढत नाही. नाहीतर ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स, 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' मध्ये नव्या ओळी टेबलात घेण्याची टिक गेलेली असते.

द्वारका_सर्कल:
गावांचंही बघा. 'पिंपळगाव', 'पिंपळगाव ब.', 'पिंपळगांव' ही पिव्हटला तीन गावं. वेगळ्या शीटवर गावांचं छोटं टेबल करा. आवकेच्या गाव कॉलमला डेटा व्हॅलिडेशनची लिस्ट लावा, म्हणजे यादीतलंच गाव निवडता येतं. त्या लिस्टमध्ये टेबलाचा संदर्भ थेट चालत नाही. कंट्रोल-एफ-३ ने गावांच्या टेबलातल्या कॉलमला नाव द्या आणि ते नाव लिस्टमध्ये टाका. पेस्ट केलेल्या मजकुराला व्हॅलिडेशन अडवत नाही, तेव्हा गाव निवडूनच भरा.