हॅलोपेरिडॉल थांबवलं, तरी उंदीर चघळतोयच!

गोदाकाठचा_फार्मसीवाला:
एम.फार्म. दुसरं वर्ष, कॉलेज नाशिकलाच. विस्टर जातीच्या उंदरांना हॅलोपेरिडॉल (स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकारांवरचं औषध) दिलं, किलोमागे १ मिलिग्रॅम, रोज, २१ दिवस. सुरुवातीला पुढचे पाय दांडीवर ठेवले की प्राणी तसाच, पुतळा. पुढे ताठरपणा ओसरला आणि तोंडात काही नसताना जबडा हलायला लागला. बोळक्या आजोबांनी सुपारी घोळवावी तसा! पाच-पाच मिनिटं हे चघळणं मोजत बसतो, डोळ्यांतून मिसळीच्या तर्रीने येत नाही एवढं पाणी येतं. औषध बंद करून सहा दिवस झाले, सरासरी खाली येईना. का? गाईड म्हणाले, 'वाचा.'

निवृत्त_मास्तर:
अरे, सिडकोतली गल्ली आठव. नळाला धार बारीक झाली की जो तो आणखी हंडे मांडतो. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन निरोप नेतं, तो झेलणारे पेशींवरचे डी-२ रिसेप्टर हे औषध अडवतं, तर स्ट्रायटम या हालचाली सांभाळणाऱ्या भागातल्या पेशी आणखी रिसेप्टर मांडतात. १९७७ मध्ये बर्ट, क्रीस आणि स्नायडर यांनी उंदरांत हेच मोजलं. औषध थांबलं तरी हंडे लगेच घरात जात नाहीत. आता डोपामिनसारखं काम करणारं अपोमॉर्फिन थोडं दिलंस तर उंदीर एरवीपेक्षा जास्त हुंगेल, कुरतडेल.
पण एवढ्यावर प्रबंध उरकू नकोस. रिसेप्टर बहुतेक सगळ्या उंदरांत वाढतात, चघळतात मात्र मोजकेच. म्हणून ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशींची रासायनिक झीज), गाबा (मेंदूतलं शांतवणारं रसायन) असे दुसरे धागेही लोक तपासतात. सरासरी बाजूला ठेव, एकेक उंदीर बघ.

मखमलाबादची_लेक:
हे वाचून पोटात गोळा आला. आईला बरीच वर्षं मनोविकारावरच्या अशाच औषधाचं महिन्याचं इंजेक्शन आहे. जीभ सारखी बाहेर येते. आम्ही कवळीला दोष देत होतो, दोनदा बदलली. इंजेक्शन बंद करू का?

निवृत्त_मास्तर:
ताई, परस्पर अजिबात नको. एकदम थांबवलं तर ही हालचाल वाढू शकते आणि मूळ आजारही उसळतो. जिभेचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. डोस कमी करणं, क्लोझापिन या दुसऱ्या मनोविकारावरच्या औषधावर नेणं, हालचाल कमी करणारं टेट्राबेनाझिन हे पर्याय त्यांच्या हातात आहेत. उलट डोस वाढवला तर काही दिवस जीभ शांत दिसते, त्याला भुलू नका.

गोदाकाठचा_फार्मसीवाला:
सर, प्रत्येकाचा आकडा वेगळा काढला. आठांतले तीनच चघळतायत, बाकी ढिम्म. सरासरीने मला चांगलंच फसवलं. ताई, आईंचं काय झालं ते इथे नक्की लिहा.